राक्षसाची आई

मूळ कादंबरी लिहिणाऱ्या केळुसकरांनी होकार दिल्याशिवाय मालिकेचा शेवटचा भाग दाखवला जाणार नव्हता. स्टुडिओतल्या पडद्यावर राजपुत्राने राक्षसाला मारलं. पुस्तक इथेच, जयघोषात संपलं होतं. मालिकेत मात्र एक म्हातारी राक्षसीण आली आणि मेलेल्या मुलाच्या अंगावरची माती पुसू लागली.

केळुसकर ताडकन उठले. "थांबवा! माझ्या राक्षसाला आई नाहीये."

"तुम्ही लिहिली नाहीत, सर," पटकथा लिहिणारी ऋजुता म्हणाली. "पण असेलच ना?"

केळुसकर उभेच राहिले. पडद्यावर राजपुत्राने तलवार ठेवली आणि म्हातारीशेजारी बसून तोही माती पुसू लागला. केळुसकरांना आपला राजपुत्र आज पहिल्यांदा आवडला.

भाग संपल्यावर ऋजुताने भीतभीत विचारलं, "काढून टाकू का आईला?"

"नको," केळुसकर म्हणाले. "पुढे काय झालं गं तिचं?"