मी बोलतो त्यांच्याशी

जुईच्या स्कीज दुरुस्तीला टाकून तीन आठवडे झाले, शाळेची स्की ट्रिप उद्यावर आली, तरी ते सायकल-स्कीवालं दुकान "पुढच्या मंगळवारी नक्की!" म्हणून बोळवणच करत होतं. "तू मध्ये पडू नकोस गं, मी करतोय ना फोन," असं बाबा रोज म्हणायचे. शेवटी आज ती एकटीच तरातरा दुकानात शिरली आणि काउंटरवर हात आपटून म्हणाली, "माझ्यानंतर आलेल्यांच्या सायकलीसुद्धा झाल्या! मग माझ्याच स्कीज का मागे?"

गोंधळलेल्या मॅनेजरने तिची पावती पुढे सरकवली.

पावतीवर बाबांच्या प्रत्येक फोनची नोंद होती: "मिस्टर पेंढारकर म्हणाले, सहज विचारलं, अजिबात घाई नाही, सावकाश होऊ द्या."