सात नंबरचं रीळ

बोटीवर स्कूबा डायव्हिंगचा प्रशिक्षक नव्या विद्यार्थिनीला, पन्नाशीच्या एका बाईंना, केशरी फुगा दाखवत होता. "वर येण्याआधी पाण्याखालून हा फुगवून वर सोडायचा, म्हणजे बोटवाल्याला आपला ठावठिकाणा कळतो. याची रिळावरची दोरी अडकली, तर रीळ लगेच सोडून द्यायचं. नाहीतर फुगा आपल्यालाच वर खेचतो आणि फुप्फुसं फाटतात." "हे तुम्ही सगळ्यांना शिकवता?" बाईंनी विचारलं. "पहिल्या दिवसापासून," तो धडधडीत खोटं बोलला. गेल्या मोसमापर्यंत त्याचा खाक्या वेगळा होता: जो रीळ हरवेल, त्याची दुसऱ्या दिवशीची बुडी बंद. पोरं रीळ जिवापाड जपायची. बाईंनी पिशवीतून एक रीळ काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. रिळावर त्यानंच रंगवलेला सातचा आकडा होता. "माझ्या लेकाच्या मुठीतून हे सोडवायला दोन माणसं लागली," त्या म्हणाल्या. "घ्या. हरवलं नाही त्यानं."