दरीपलीकडचा ढग

चंद्रावरच्या खोल दरीपलीकडे आजारी भास्करदादा एकटाच अडकला होता. त्याची बहीण कालिंदी रोज एअरगनमधून औषधाची कुपी त्याच्याकडे पाठवायची. बंदुकीला लागणारी हवा तिच्याच खोलीतली असायची. प्रत्येक बार काढल्यावर तिला धाप लागायची.

शेवटी तिने बंदुकीच्या हवेच्या टाकीतला दाब मोजून पाहिला. कुपी सुटल्यावरही झडप उघडी राहत होती आणि निम्मी हवा बाहेर उसळून, तिच्यातली वाफ गोठून वाया जात होती. तिने झडपेची स्प्रिंग बदलली, नळी लांब केली आणि बार काढला. पृथ्वीच्या निळसर उजेडात कुपी तरंगत पलीकडे गेली.

रेडिओवर दादाचा घाबरलेला आवाज आला. "कुपी मिळाली. पण आज तुझ्याकडे बार काढल्यावर रोज दिसणारा तो चमचमता ढग दिसलाच नाही. हवा संपली का गं?"

"नाही रे दादा," कालिंदी म्हणाली. "आज छाती भरून श्वास घेतेय."