‘सुरू’चा मेसेज

ऑफिसचा सर्व्हर बंद पडल्याचे, सुरू झाल्याचे मेसेज जातात का पाहायला मी यादीत आईचा नंबर घातला आणि काढायचा विसरलो. ऑफिसातल्या चौघांबरोबर तिलाही ते यायला लागले.

"राहू दे रे," ती म्हणाली. "‘बंद’ आलं की तुला उशीर. ‘सुरू’ आलं की मी कुकर लावते."

सात वर्षं गरम भात जेवलो.

ती गेल्यावर सोळाव्या दिवशी मी कामावर गेलो. संध्याकाळी सर्व्हर बंद पडला, तासाभरात सुरू केला. यादीतला तिचा नंबर काही काढवला नाही.

घरी आलो तर बाबा ओट्याशी उभे. एका हातात आईचा फोन, दुसऱ्या हातात कुकरचं भांडं.

"‘सुरू’ आलं," ते म्हणाले. "तांदूळ धुतलेत. पाणी किती घालायची रे ती?"

मला माहीत नव्हतं.