पाय विसरले नाहीत

त्र्यंबकराव पुन्हा पडता पडता सावरले. पाठीला मार बसल्यापासून त्यांच्या मेंदूचे निरोप पायांपर्यंत पोहोचत नव्हते. ते पोहोचवण्याचे काम आता पायांतले हे विजेवर चालणारे राखाडी मोजे करत. आज चालणे जमले नाही, तर मोजे परत जाणार आणि पुढचे आयुष्य चाकांच्या खुर्चीत जाणार.

"काका, तुम्ही उजव्या हाताचेच ना?" मोजे जुळवून देणाऱ्या शाहीनने विचारले. "उजव्या माणसाचा एक पाय आधी दचकतो, डावखुऱ्याचा दुसरा. मोजे त्यावरच लावते मी."

"जन्मापासून उजवा आहे. किती वेळा सांगू?"

कोपऱ्यात बसलेली त्यांची थोरली बहीण गोदाक्का हसली. "जन्मापासून म्हणे! पाटावर बसलास की डावा हात आधी ताटात. आई तो फडक्याने पाठीशी बांधून तुला जेवायला बसवायची. एवढासा होतास, तुला काय आठवणार?"

 शाहीनने मोज्यांची जुळणी उलटी केली.

त्र्यंबकरावांनी पाऊल उचलले. ते टेकले, आणि दुसरे आपणहून त्यामागे आले. ते दारापर्यंत गेले, परतले, पुन्हा गेले. त्यांना थांबवेना.

"पुरे आता, धाप लागेल," म्हणत आक्काने डबा उघडून देवीच्या प्रसादाची वडी पुढे केली. त्यांचा डावा हात आपसूक पुढे झाला. मग ओशाळून ते तो मागे घेऊ लागले.

आक्का क्षणभर घुटमळली. मग तिने त्यांचे मनगट धरले आणि वडी त्याच तळहातावर ठेवली.