शनवार तेली

भिजवलेल्या पोह्यांवर ओलं खोबरं पसरताना एलोजीकाकांचा हात थांबला. इस्रायलमधल्या अश्दोद शहरातल्या मराठी ज्यूंच्या नव्या सभागृहाचं आज उद्‌घाटन. प्रसादाच्या मलिद्याचं ताट तयार होत आलं, तरी दारावरची पाटी कोरीच. रंगारी शिडीवर बसून कंटाळला होता.

"भारतीय-इस्रायली मंडळ, असंच लिहायचं," म्हातारी मंडळी हटून बसली होती.

"आम्ही जन्मलो इथे, सैन्यात गेलो इथे. मग भारतीय कशाला चिकटवायचं?" काकांचा पुतण्या योनातन म्हणाला. "काका, तुम्हीच सांगा."

काकांनी ताटावर साखर पेरली. "कोकणात नागावला माझ्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवार आपला विसाव्याचा, त्या दिवशी घाणा बंद. गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं आणि शुक्रवारीच तेल नेऊन ठेवायचं. पाटी कधी लावली नाही, पण आमचं घर कुणाला शोधावं लागलं नाही." ते हसले. "इथे काय, अख्खा देशच शनिवारी बंद. आता आपल्याला ओळखायचं कशावरून?"

योनातनने रंगाऱ्याला खाली बोलावलं, त्याचा ब्रश घेतला आणि काकांपुढे धरला.

"शनवार तेली," तो म्हणाला. "मराठीत. आमच्या पिढीतल्या कुणाला लिहिता येत नाही."

इस्रायलला आल्यापासून पासष्ट वर्षांत काकांकडे कुणी मराठी लिहून मागितलं नव्हतं. त्यांनी खोबऱ्याचे हात विजारीला पुसले.

"शिडी घट्ट धर," ते म्हणाले.