वीतभर पलीकडे

दारापुढची फरशी लख्ख झाडलेली पाहिली आणि इकुएच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हातातला बांबूचा झाडू हातातच राहिला. कालव्यावरच्या चेरीच्या फांद्या रात्रभर झडत होत्या. पाण्यावर पाकळ्यांची साय धरली होती, काठाची पायवाट गुलाबी झाली होती. आणि तिच्या दारापुढे औषधालासुद्धा एक पाकळी नाही. वर पाणी शिंपडलेलं. शेजारच्या ताझुकोच्या दारापुढेही तसंच. दोन्ही दारं एका दमात झाडलेली, मधे रेघ म्हणून नाही.

हे काम कुणाचं ते सांगायला ज्योतिषी नको होता.

क्योतोत आपलं दार झाडताना शेजाऱ्याच्या हद्दीत वीतभर शिरायचं. तेवढंही नाही केलं तर माणूसघाणं म्हणतात. वितीच्या पुढे गेलात तर शेजाऱ्याच्या तोंडावर सांगितल्यासारखं होतं, की बाई, तुमच्यानं आता होत नाही. इकुए या घरात सून म्हणून आली तेव्हा सासूनं आधी झाडू हातात दिला, मग चहा. तेव्हापासून ती वीत कधी चुकली नव्हती. नवरा गेला त्या सकाळीसुद्धा नाही.

आणि अपमान करायला या बयेनं दिवस तरी कुठला निवडावा! आज ओसाकाहून योशिहिको यायचा होता. आईला भेटायला कसला, आईची परीक्षा घ्यायला. "एकटीला झेपतंय का ते बघतो. नसेल झेपत तर घराला कुलूप लावू आणि तू माझ्याकडे चल," असं फोनवर म्हणाला होता. पोटचा पोरगा, पण बोलतो घरमालकासारखा. त्याचं घर त्या उंच इमारतीत. दारापुढे जमीनच नाही. तिथं इकुएनं सकाळी उठून काय करायचं? लिफ्ट झाडायची?

मेलीनं ठरवून केलंय. पोरानं यावं आणि बघावं, की आईचं दार आता शेजारीण झाडते.

पायवाटेवर फिरायला आलेली माणसं फोटो काढत होती. एक जोडपं तर नेमकं तिच्याच दाराशी उभं. इकुएनं हसून मान लववली आणि तेच हसू तोंडावर ठेवून शेजारचं दार सरकवलं.

"आहात का घरात?"

ताझुको बाहेर आली. सकाळचा गारठा म्हणून खांद्यावरून जाड शाल ओढलेली.

"किती हो उपकार केलेत, ताझुकोसान," इकुए गोडीनं म्हणाली. "स्वतःचं सांभाळून माझंही दार झाडलंत. या वयात एवढी ताकद! खाता तरी काय?"

आता ताझुकोनं फणा काढायला हवा होता. एकाला दहा द्यायची तिची पन्नास वर्षांची सवय. इकुए पुढचा टोला तयार ठेवून उभी होती.

ताझुकोनं इकुएच्या हातातल्या झाडूकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. आणि कमरेत वाकली. चांगली खालपर्यंत.

"चुकलं माझं, इकुएसान. पुन्हा नाही होणार."

इकुएला धक्काच बसला. या बाईची मान देवळातसुद्धा इतकी वाकत नसे. भांडण जिंकलं म्हणून बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना.

"वाकता काय नुसत्या? बोला की! जीभ गहाण टाकलीत का?"

ताझुको सरळ झाली तशी तिची शाल घसरली. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, झोळीत घालून गळ्यात अडकवलेला.

इकुएनं तो हात पाहिला. मग मागं वळून दोन्ही दारांपुढची फरशी पाहिली. एका हातानं चमचा धरता येतो. बांबूचा झाडू नाही.

"अगंबाई! हे कधी झालं? आणि मला सांगितलंसुद्धा नाहीत? शेजारीण म्हणून मी काय मेले होते?"

पन्नास वर्षांत पहिल्यांदाच ताझुकोनं 'तुम्ही' सोडलं.

"परवा ओल्या पाकळ्यांवरून पाय घसरला माझा. टॅक्सी तूच बोलावलीस, इकुए. दवाखान्यात माझ्याजवळ तूच बसलीस. म्हणालीस, तुमचा हात जुळेपर्यंत दोन्ही दारं मी झाडीन, तसंही तुमचं झाडणं कधी धड नव्हतंच." तिनं डाव्या हातानं फरशी दाखवली. "आज उजाडल्या उजाडल्या झाडलंस. मी खिडकीतून बघत होते."

इकुए हसायला गेली. टॅक्सी, दवाखाना, प्लास्टर. कशालाच काही चिकटेना. चेष्टा करते आहे मेली, असं म्हणणार तेवढ्यात तिची नजर खाली गेली. तिच्या पांढऱ्या मोज्यांची टोकं भिजलेली होती आणि एका टोकाला पाकळी चिकटली होती.

"योशिहिको पुलावर आलाय," ताझुको पुटपुटली. तिनं शाल घाईघाईनं हातावर ओढून घेतली. "तू विसरलीस ते त्याला कळायला नको. रागाव माझ्यावर. मोठ्यानं, नेहमीसारखी. रागाव गं!"

इकुएनं तोंड उघडलं. एकही शब्द आठवेना.